वायफाय गायब, स्क्रीन काळी: लिनक्सचा लॅपटॉप फोनवरून तपासताना

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि आमच्या नात्यागोत्यातले झाडून सगळे जुने लॅपटॉप माझ्या गळ्यात आले. विंडोज ११ त्यांच्यावर चढत नाही, नवा घ्यायला हात धजावत नाही, मग राहतं लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली. ते टाकायला अर्धा तास पुरतो. त्यानंतर फोन सुरू होतात, आणि त्यात तक्रारी दोनच: वायफाय दिसत नाही, नाहीतर स्क्रीनचं काहीतरी बिनसलंय. प्रिंटर रुसला तर आठवडाभर रुसू दे. पण नेट आणि स्क्रीन नसेल तर उपाय शोधायचीच सोय राहत नाही.

मी ठाण्यात, लॅपटॉप मिरजेत, चिपळूणला, एक तर थेट मस्कतला. म्हणून सगळी दुरुस्ती बोलून होते, आणि खालच्या कमांडही मी फोनवर उच्चारतो तशाच लिहिल्यात. टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) त्या लहान रोमन अक्षरांत टाइप करायच्या. ‘एलएसपीसीआय’ म्हटलं की एल, एस, पी, सी, आय ही पाच अक्षरं सलग. ‘सुडो’ म्हणजे एस, यू, डी, ओ. त्यानंतर पासवर्ड विचारला जातो. तो टाइप करताना मिंटमध्ये चांदण्या उमटतात, डेबियन या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकारात काहीच उमटत नाही, म्हणून कीबोर्ड बंद पडला असं समजू नका. कमांड मिंट, उबुंटू आणि डेबियन धरून दिल्यात.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण निम्मे घोळ तिथेच होतात. नेटवर सापडलेलं दहा वर्षांपूर्वीचं उत्तर उचलून जसंच्या तसं डकवू नका. ते दुसऱ्याच कार्डासाठी (लॅपटॉपमधल्या वायफाय किंवा ग्राफिक्सच्या भागासाठी), दुसऱ्याच कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) असतं. मूळ बिघाड जागेवर राहतो आणि त्यावर आपण केलेला नवा बिघाड बसतो. एका वेळी एकच बदल, तो वहीत लिहायचा, रीस्टार्ट करून बघायचं, उपयोग नाही झाला तर पूर्ववत करायचा. मिंटमध्ये ‘टाइमशिफ्ट’ असतं. हात घालण्याआधी त्यातून एक स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची आत्ताची प्रत, घेऊन ठेवा.

नेटसाठी नेट लागतं, ते आधी मिळवा

अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्सला यासाठी वेगळा ड्रायव्हर (यंत्राचा भाग चालवणारा प्रोग्राम) लागत नाही, काही सेकंदांत तारेचं नेट आल्यासारखं चिन्ह दिसतं. फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर बहुतेक फोन तेच नेट केबलमधून पुढे देतात, मोबाइल डेटा जळत नाही. केबल मात्र डेटा नेणारी हवी. चार्जरसोबत आलेल्या काही स्वस्त केबलींत डेटाच्या तारा नसतातच. टेदरिंगचा पर्याय पुसट दिसत असेल तर आधी केबल बदला.

वायफाय: गाडी कुठल्या स्टेशनात अडकली?

वायफाय चालायला पाच गोष्टी ओळीने जुळाव्या लागतात: कार्ड दिसलं पाहिजे, त्याला ड्रायव्हर मिळाला पाहिजे, ड्रायव्हरला फर्मवेअरची (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची) फाइल मिळाली पाहिजे, रेडिओ बंद करून ठेवलेला नसावा, आणि मग राउटरशी बोलणं. कुठलीही कमांड चालवण्याआधी गाडी यातल्या कुठल्या स्टेशनात उभी आहे ते शोधायचं. पुढचं स्टेशन दुरुस्त करून मागे अडकलेली गाडी हलत नाही.

पहिली कमांड: एलएसपीसीआय, स्पेस, डॅश, एनएनके. लांबलचक यादी येते. त्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ अशी ओळ शोधा. ओळीच्या शेवटी चौकटी कंसात चार-चार अक्षरांचे दोन आकडे असतात, मध्ये विसर्गासारखे दोन ठिपके. पहिला आकडा कंपनीचा: ८०८६ म्हणजे इंटेल (त्यांच्या जुन्या प्रोसेसरचाच आकडा त्यांनी घेतलाय), १०ईसी रिअलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अ‍ॅथेरॉस, १४सी३ मीडियाटेक. दुसरा आकडा मॉडेलचा. हे दोन आकडे वहीत लिहा. पुढे शोधाशोध करायची वेळ आली तर लॅपटॉपच्या मॉडेलऐवजी हे आकडे टाकून शोधा, कारण एकाच मॉडेलच्या लॅपटॉपात कंपन्या वेगवेगळी कार्डं बसवतात.

यादीत कार्डच नाही? लगेच मेलं असं धरू नका. त्याच लॅपटॉपवर लिनक्सशेजारी विंडोज असेल तर पहिला संशय ‘फास्ट स्टार्टअप’वर घ्या. विंडोज ‘शट डाउन’ म्हटल्यावर पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि कधी कधी कार्डही त्याच अवस्थेत सोडून जातं. विंडोजमध्ये जाऊन ‘रीस्टार्ट’ करा आणि तिथून लिनक्समध्ये या. रीस्टार्ट करताना विंडोज खरोखर बंद होतं. असं केल्यावर कार्ड दिसलं तर विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करून टाका. विंडोज नसेल तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुन्हा चालू करा. मंतरल्यासारखं वाटतं, पण उरलेली वीज निघून गेली की अडकलेलं कार्ड पुष्कळदा शुद्धीवर येतं. तरीही नाही, तर बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) वायरलेस बंद केलंय का ते बघा. मग उरतो स्क्रूड्रायव्हर.

यूएसबी डोंगल असेल तर तो या यादीत येत नाही, त्याच्यासाठी एलएसयूएसबी. काही डोंगल आधी सीडी ड्राइव्हचं सोंग घेतात, पोटात विंडोजचा ड्रायव्हर घेऊन. फाइल मॅनेजरमध्ये सीडी दिसली तर ती ‘इजेक्ट’ करा. सोंग उतरतं आणि खरा डोंगल समोर येतो.

कार्ड दिसतंय, तर त्याच्या खालच्या ओळी वाचा. ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ आहे का? नसेल तर ड्रायव्हर नाही. ब्रॉडकॉमचं कार्ड असेल तर बहुधा हेच निघतं. फोनचं नेट जोडून मिंटचा ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा, तो सुचवतो ते निवडा. त्या पॅकेजचं नाव बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स. डेबियनमध्ये त्याला ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस म्हणतात.

इथे एक सापळा आहे. ‘सिक्युअर बूट’ चालू असेल तर असा बाहेरून बांधलेला ड्रायव्हर, त्यावर ओळखीची सही नसल्यामुळे, कर्नल आत घेत नाही. म्हणून ड्रायव्हर टाकताना तुमच्याकडून एक पासवर्ड ठरवून घेतला जातो, आणि पुढच्या रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते: ‘एमओके मॅनेजमेंट’. ती दहा सेकंद थांबते. तेवढ्यात कुठलीही कळ दाबून ‘एनरोल एमओके’, ‘कंटिन्यू’, ‘येस’ असं जायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. लोक तेवढ्यात चहा आणायला जातात, स्क्रीन निघून जाते, आणि ‘ड्रायव्हर टाकला तरी वायफाय नाही’ असा मला फोन येतो. सिक्युअर बूट चालू आहे का हे एमओकेयुटिल, स्पेस, दोन डॅश, एसबी-स्टेट या कमांडने कळतं.

ड्रायव्हर आहे, तरी वायफाय नाही? मग फर्मवेअर. कमांड: सुडो डीएमईएसजी, उभी रेघ, ग्रेप, स्पेस, डॅश आय, स्पेस, फर्मवेअर. ‘फेल्ड विथ एरर उणे २’ असं दिसलं तर त्या २चा अर्थ ‘फाइलच सापडली नाही’ एवढाच. उबुंटू-मिंटमध्ये लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज ताजं करा. डेबियनमध्ये इंटेलसाठी फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय, रिअलटेकसाठी फर्मवेअर-रिअलटेक. डेबियनने जून २०२३मध्ये आलेल्या १२व्या आवृत्तीपासून या फाइली इन्स्टॉलरमध्येच घातल्यात. त्याआधी त्या वेगळ्या शोधून आणाव्या लागायच्या. त्यामुळे त्याआधीचे डेबियनचे लेख वाचत असाल तर तारीख बघा.

लॅपटॉप जुना नसून अगदी नवा असेल तर दोष उलटा असतो: कर्नल म्हातारा. रिअलटेकचं ८८५२बीई हे कार्ड स्वस्त नव्या लॅपटॉपांत भरपूर येतं, आणि कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर ६.२ या आवृत्तीपासून आहे. ५.१५वर बसून त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’, मग ‘लिनक्स कर्नल्स’. तिथून नवा घ्या. जुना काढू नका. नव्याने दगा दिला तर बूट मेनूतल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुन्यावर परत येता येतं.

मिरजेची सरकपट्टी

आता चौथं स्टेशन. खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती हे मी मिरजेच्या वहिनींकडून शिकलो. त्यांचा लॅपटॉप दोन वर्षं लिनक्सवर सुरळीत चालत होता आणि एका दुपारी वायफाय गेलं. मी पाऊण तास ड्रायव्हर, फर्मवेअर, सगळं तपासून घेतलं. सगळं जागच्या जागी. शेवटी म्हटलं, वहिनी, आता एवढंच टाइप करा: आरएफकिल, स्पेस, लिस्ट.

“भाऊजी, सॉफ्ट ब्लॉक्ड नो, हार्ड ब्लॉक्ड येस.”

“लॅपटॉपच्या पुढच्या कडेला बोट फिरवून बघा बरं. काही सरकतंय?”

थोडा वेळ शांतता. मग ‘टक्’ असा आवाज मला फोनवर ऐकू आला. नखाएवढी सरकपट्टी होती, सोफ्यावर मांडीवर घेताना ओढली गेलेली. वहिनींनी त्यावर सेलोटेप लावलीय.

तर अर्थ असा. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ येस असेल तर सॉफ्टवेअरने बंद केलंय: सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल, झालं. ‘हार्ड ब्लॉक्ड’ येस असेल तर कमांडने काही होत नाही. सरकपट्टी, विमानाचं चिन्ह असलेली कळ किंवा बायोस. काही लेनोवो मॉडेलांत मात्र पट्टीच नसते आणि आयडियापॅड-लॅपटॉप नावाचं मॉड्यूल (कर्नलमध्ये चढणारा ड्रायव्हरचा तुकडा) तरीही ‘हार्ड ब्लॉक्ड’ सांगत राहतं. तिथे सुडो मॉडप्रोब, डॅश आर, आणि त्या मॉड्यूलचं नाव, मध्ये अंडरस्कोर. वायफाय जागं झालं तरच ते मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे पुन्हा चढणार नाही असं करा, त्याआधी नको.

जोडलंय, पण चालत नाही

एनएमसीएलआय, स्पेस, डिव्हाइस. वायफायसमोर ‘अनमॅनेज्ड’ लिहिलंय? डेबियन वायफायवरूनच इन्स्टॉल केलं असेल तर इन्स्टॉलर कधी कधी कार्डाचं नाव /इटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस या फाइलीत लिहून ठेवतो, आणि तिथे नाव असलेल्या कार्डाला नेटवर्क मॅनेजर हात लावत नाही. त्या ओळींच्या आधी # हे चिन्ह टाका आणि रीस्टार्ट करा.

‘कनेक्टेड’ आहे, पण पान उघडत नाही? पिंग, स्पेस, १.१.१.१ करून बघा, मग आकड्याच्या जागी एखाद्या वेबसाइटचं नाव टाकून. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आकडा शोधणाऱ्या सेवेचा. कनेक्शनच्या सेटिंगमध्ये डीएनएस हाताने भरा. दोन्हीला उत्तर येतं तरी ब्राउझर सुरक्षिततेची कुरकुर करतोय, तर कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि वेबसाइटची सगळी प्रमाणपत्रं ब्राउझरला खोटी वाटतात.

दर पाच-दहा मिनिटांनी तुटतं, किंवा यूट्यूब अडखळतं? पॉवर सेव्हिंग. /इटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी या फोल्डरमध्ये डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ अशी फाइल असते (‘नेटवर्कमॅनेजर’मधले एन आणि एम तेवढे मोठे). आत वायफाय.पॉवरसेव्ह = ३ असतं. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. २ करा, रीस्टार्ट करा. बॅटरी जराशी कमी टिकेल.

राउटरच्या शेजारी बसलं तरच रेंज येत असेल आणि कार्ड रिअलटेकचं ८७२३बीई असेल, तर रोग जुना आणि ओळखीचा आहे. कार्डावर अँटेनाच्या दोन जागा, पण अनेक लॅपटॉपांत तार एकच जोडलेली, आणि ड्रायव्हर रिकाम्या जागेवर कान लावून बसलेला. /इटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये कॉन्फ शेपटीची एक फाइल करून त्यात एकच ओळ: ऑप्शन्स, स्पेस, आरटीएल८७२३बीई, स्पेस, एएनटी-अंडरस्कोर-एसईएल=२. रीस्टार्ट केल्यावर फरक नाही पडला तर २च्या जागी १. दोन्हींपैकी एकाने रेंज एकदम चढते.

शेजाऱ्यांची सगळी नेटवर्कं दिसतात, आपलंच दिसत नाही? राउटर १२ किंवा १३ नंबरच्या चॅनेलवर असू शकतो. आयडब्ल्यू, स्पेस, रेग, स्पेस, गेट केल्यावर देशाच्या जागी ००‍ दिसलं तर लॅपटॉपला आपण कुठे आहोत हेच माहीत नाही आणि तो त्या चॅनेलांवर बिचकून वागतो. राउटर १, ६ किंवा ११वर आणणं सगळ्यात सोपं.

स्क्रीन: आधी टॉर्च

स्क्रीन काळी म्हणजे नेमकं काय, हे फोनवर काढून घ्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तीन प्रश्न विचारतो. चालू करताना कंपनीचं चिन्ह दिसतं का? अंधार करून मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तर पुसट चित्र दिसतं का? झाकण हळूहळू मागे-पुढे केलं तर काही बदलतं का?

चिन्हच दिसत नसेल, आणि टीव्हीला एचडीएमआयने जोडून तिथेही काही येत नसेल, तर लिनक्स अजून चित्रात आलेलंच नाही. टॉर्चमध्ये चित्र दिसलं तर चित्र बनतंय, मागचा दिवा लागत नाहीये. झाकण हलवल्यावर लुकलुकत असेल तर बिजागरीतून जाणारी केबल चेमटलीय. त्यावर कुठलीही कमांड चालत नाही, दुकान गाठा. लुकलुक बायोसच्या पानावरही होत असेल तरी तेच.

चिन्ह दिसतं आणि त्यानंतर काळोख, हा लिनक्सचा प्रांत. आधी कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबा. काळ्यावर पांढरं ‘लॉगिन’ आलं तर यंत्र जिवंत आहे, फक्त डेस्कटॉप उठलेला नाही. तिथून लॉगिन करून एवढं बघा: डीएफ, स्पेस, डॅश एच. ‘/’समोर १०० टक्के असेल तर डिस्क तुडुंब भरलीय, आणि डिस्क भरली की डेस्कटॉप उठत नाही. ग्राफिक्सचा यात काही दोष नसतो. सुडो एपीटी क्लीन करून थोडी जागा मोकळी करा.

लॉगिनही येत नसेल तर: लॅपटॉप चालू करताच एस्केप (जुन्या बायोसवाल्यांनी शिफ्ट) दाबून ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आणा. पहिल्या ओळीवर ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्या शेवटी ‘क्वाएट स्प्लॅश’ असतं. त्यापुढे एक जागा सोडून ‘नोमोडसेट’, सलग, आणि एफ१०. हा बदल एकाच वेळेपुरता असतो, म्हणून बिनधास्त करा. यात ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बाजूला ठेवून साध्या चित्रावर काम भागवलं जातं. मिंटच्या इन्स्टॉलरमधला ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ आणि उबुंटूचा ‘सेफ ग्राफिक्स’ हेच करतात.

नोमोडसेटने डेस्कटॉप आला तर निदान झालं: ड्रायव्हर. हे कुबडीसारखं आहे, पाय बरा होईपर्यंत. पण लोक ते /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये कायमचं लिहून मोकळे होतात, आणि महिन्याभराने नवी तक्रार येते: अक्षरं मोठी आणि फुटकी, ब्राइटनेस हलत नाही, पंखा सारखा घोंघावतो. साहजिक आहे, चित्र काढायचं सगळं काम प्रोसेसरच्या डोक्यावर. असा लॅपटॉप हातात आला की मी आधी कॅट, स्पेस, /प्रॉक/सीएमडीलाइन बघतो. तिथे नोमोडसेट दिसलं तर ते काढून सुडो अपडेट-ग्रब, आणि मग खरा इलाज.

खरा इलाज बहुतेक वेळा एनव्हिडियाचा. अशा लॅपटॉपात दोन ग्राफिक्स असतात, प्रोसेसरमधलं आणि एनव्हिडियाचं वेगळं. ड्रायव्हर मॅनेजरमधून ‘रेकमेंडेड’ लिहिलेला ड्रायव्हरच घ्या. सगळ्यात मोठा आकडा जुन्या कार्डाला चालेलच असं नाही; फर्मी पिढीची कार्डं ३९०च्या मालिकेवर थांबली, केप्लर ४७०वर. एनव्हिडियाच्या वेबसाइटवरून ‘.रन’ फाइल उतरवून बसवू नका. पुढचा कर्नल आला की ती तुटते आणि काढायलाही जड जाते. सिक्युअर बूटची निळी स्क्रीन इथेही येते. ड्रायव्हर बसल्यावर सुडो प्राइम-सिलेक्ट, स्पेस, ऑन-डिमांड हा पर्याय ठेवा. ‘इंटेल’ ठेवलं तर बॅटरी वाचते, पण पुष्कळ लॅपटॉपांत एचडीएमआयचं छिद्र एनव्हिडियाच्या कार्डाला जोडलेलं असतं. मग ऐन सादरीकरणाच्या वेळी प्रोजेक्टर ‘नो सिग्नल’ म्हणतो.

ब्राइटनेसच्या कळा दाबल्या की पट्टी सरकते पण उजेड तोच? एलएस, स्पेस, /सिस/क्लास/बॅकलाइट. एसीपीआय_व्हिडिओ० असं नाव दिसलं तर डेस्कटॉप चुकीची कळ फिरवतोय. ग्रबमधल्या त्याच ओळीत एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह एकदा वापरून बघा; जमलं तर /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलीत कायम करा. इंटेलच्या ग्राफिक्सवर स्क्रीन मधूनच थरथरत असेल, विशेषतः काही न हलवता नुसतं वाचत बसल्यावर, तर त्याच ओळीत आय९१५.एनेबल_पीएसआर=०. स्थिर चित्र पॅनेलने स्वतःच धरून ठेवायचं आणि वीज वाचवायची अशी ती सोय असते, काही पॅनेलना ती झेपत नाही.

रिझोल्यूशन १०२४ गुणिले ७६८ वर अडकलंय म्हणून एक्सरँडरच्या (हाताने स्क्रीनचा आकार ठरवणाऱ्या) लांबलचक कमांड देणारे लेख पुष्कळ आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन आपला आकार सांगते. तो वाचला जात नाही म्हणजे ड्रायव्हर चढलेला नाही, आणि ते आपण वर बघितलंच. एक्सरँडर कामाला येतं ते जुना बाहेरचा मॉनिटर जोडताना, तेही डेस्कटॉप वेलँडवर (चित्र दाखवायच्या नव्या पद्धतीवर) चालत नसेल तर.

कार्डच बदलायचं ठरलं तर

जुन्या ब्रॉडकॉमशी झटापट करण्यापेक्षा कार्ड बदललेलं बरं, असं माझं मत झालंय. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटी कार्डं मिळतात. इंटेलचं एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच, पण ती इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरसोबतच चालतात. दुकानदाराला हा फरक माहीत असेलच असं नाही. आधी झाकण उघडून तुमची खाच एम.२ आहे की जुनी मिनी पीसीआय-एक्स्प्रेस, ते बघा. काही जुन्या बिझनेस लॅपटॉपांच्या बायोसमध्ये परवानगी असलेल्या कार्डांची यादी असते आणि परकं कार्ड बसवलं तर यंत्र चालूच होत नाही. अँटेनाच्या तारांची टोकं अगदी नाजूक असतात. बोटाने सरळ खाली दाबायची, ‘टिक्’ झाली की बसली.

एवढं करूनही अडलं आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर ‘वायफाय चालत नाही’ एवढंच लिहू नका. इन्क्सी (आय, एन, एक्स, आय), स्पेस, डॅश, मोठा एफ, मग लहान एक्सएक्सझेड, असं चालवून येईल ते सगळं पाठवा. त्यात कार्ड, ड्रायव्हर, कर्नल, ग्राफिक्स सगळं येतं. शेवटचा झेड विसरू नका, तो तुमचे आयपी आणि मॅक पत्ते झाकतो.